ल्युब्लियाना: आई-बाबांसोबत निवांत फिरणं आणि शाकाहारी खाणं, माहिती हवी आहे

गवतफुला

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन ल्युब्लियानाला, म्हणजे स्लोव्हेनियाच्या राजधानीला, जायचं चाललंय. आम्ही व्हिएन्नात असतो, तिथून थेट ट्रेन आहे, ग्राझ आणि मारिबोरवरून साधारण सहा तासांत पोचते, त्यामुळे विमानाची दगदग नको असं ठरवलंय. गुरुवारी संध्याकाळी पोचणार आणि सोमवारी सकाळी परत. आता होतंय काय की ज्याला विचारावं तो म्हणतो ल्युब्लियाना अर्ध्या दिवसात संपतं, मग ब्लेड करा, पोस्तोयनाची गुहा करा, पिरान करा, वाटेत अजून दोन गावं करा. पण आई-बाबांना रोज सकाळी उठून बस पकडणं नकोसं होतं आणि मलाही खरं सांगायचं तर एखादं शहर हळूहळू बघायला आवडतं, त्याच त्या रस्त्यावरून दोनदा गेलं की ते जरा आपलंसं वाटायला लागतं.

तर शहरातच एवढे दिवस काढण्यासारखं आहे का? आईचे गुडघे दुखतात, चालते पण चढ आणि पायऱ्या नकोत, तर किल्ल्याचं कसं करायचं? बाबा शाकाहारी आहेत, अंडं चालतं पण सूपमध्ये मांसाचा रस्सा वगैरे अजिबात नाही, आई मासे खाते, मी आणि नवरा सगळंच खातो. बाबा पीडब्ल्यूडीत सिव्हिल इंजिनिअर होते, पूल दिसला की थांबतातच, तर त्यांच्यासाठी काही असेल तर आवर्जून सांगा. आणि रविवारी तिथे सगळं बंद असतं म्हणतात, ते खरं का?

---

खादाडखाऊ

गुरुवारी पोचताय म्हणजे शुक्रवार अख्खा हातात आहे, हे फार उत्तम जमलंय. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत दर शुक्रवारी सेंट्रल मार्केटला लागून असलेल्या पोगाचार चौकात 'ओदप्रता कुहना' भरतं, म्हणजे उघड्यावरचं स्वयंपाकघर म्हणा. गावोगावची रेस्टॉरंटं तिथे स्टॉल मांडतात आणि तुमच्यासमोर शिजवून देतात. मोठ्या हॉटेलांचे शेफही असतात आणि घरगुती गोड विकणारेही असतात. प्रत्येकाने वेगवेगळं घ्यायचं आणि वाटून खायचं, चार जणांत दहा पदार्थ चाखून होतात. फक्त पाऊस असेल तर रद्द होतं, त्यामुळे आदल्या दिवशी त्यांच्या पेजवर बघून घ्या. आणि जेवायला साडेबाराच्या आत पोचा, नंतर ऑफिसवाले येतात आणि बसायला जागा मिळत नाही, आईंना उभ्याने खायला लागू नये.

आता बाबांचं. पहिलं नाव लक्षात ठेवा, श्त्रुक्ली. कणीक इतकी पातळ ताणतात की खालचा हात दिसतो, त्यावर ताजं चीज पसरायचं, कापडात घट्ट गुंडाळी करायची आणि ती गुंडाळी कापडासकट पाण्यात उकडायची. मग जाड जाड काप करून वर लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा. गोडही मिळतात, तिखटमिठाचेही मिळतात, अक्रोडाचे, सफरचंदाचे, खसखशीचे. टॅरागॉनचे जरूर घ्या, त्या पानाला बडीशेपेच्या अंगाने जाणारा वास असतो आणि ते गोडात घालणं ही अगदी इथली खासियत आहे. जुन्या गावात नुसते श्त्रुक्ली विकणारी छोटी दुकानंसुद्धा आहेत. पीठ-सारणात अंडं असतं बऱ्याचदा, तुम्हाला चालतंय म्हणून प्रश्न नाही.

दुसरा पदार्थ झ्गान्त्सी, कुट्टूच्या पिठाचा, घट्ट उकडीसारखा, काट्याने मोकळा केलेला. इथेच सांभाळायचं. वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालायची पद्धत आहे, त्यांना ओत्सवीर्की म्हणतात, आणि ते मेन्यूत प्रत्येक वेळी लिहिलेलं असतंच असं नाही. ते नको, आंबट दुधाबरोबर द्या असं सांगायचं, तसंही पारंपरिकच आहे. योता नावाचं आंबट कोबी किंवा सलगम आणि बीन्सचं दाट सूप असतं, रिचेत म्हणून बार्लीचं असतं, दोन्हीही नावावरून शाकाहारी वाटतात पण बहुतेक ठिकाणी स्मोक्ड पोर्क घालूनच शिजवतात, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. इद्रियाचे झ्लीक्रोफी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेले छोटे छोटे डंपलिंग, त्या सारणातच चरबी घालतात, तर ते बाबांना नकोच, तुम्ही दोघं मात्र सोडू नका, मेंढीच्या रश्शाबरोबर देतात. 'ब्रेझ मेसा' म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करून ठेवा, इंग्रजी सगळ्यांना येतं तरी हे म्हटलं की वेटर आत जाऊन नीट विचारून येतो.

जंगली मशरूमचं सूप सप्टेंबरात अगदी ताजं मिळतं, बऱ्याच ठिकाणी पोखरलेल्या ब्रेडमध्ये देतात, रस्सा कशाचा आहे एवढं विचारा. आणि मेन्यूत 'झ्रेबिचेक' दिसलं तर ते घोड्याच्या शिंगराचं मांस असतं, इथे ते सर्रास खातात, न सांगता समोर येऊ नये म्हणून सांगितलं.

---

ट्रॅकसूट

माझं मत जरा वेगळं आहे. ल्युब्लियाना छान आहे पण तीन लाखांच्या आतबाहेर वस्तीचं गाव आहे, नदीच्या दोन्ही काठांनी चालत गेलात की मुख्य भाग दोन-तीन तासांत होतो. स्लोव्हेनियाचं खरं सौंदर्य शहराबाहेर आहे, आल्प्स आहेत, गुहा आहेत, सोचा नदी आहे. ब्लेड ५५ किमीवर आहे, बस तास-सव्वा तासात पोचवते. एवढ्या लांब जाऊन आई-बाबांना ब्लेडचं तळं न दाखवता परत आणणं मला तरी पटणार नाही. गाडी भाड्याने घ्या, मोटारवेचं ई-विन्येता, म्हणजे टोलचा पास, ऑनलाइन काढा आणि दोन दिवस बाहेर फिरा.

---

दगडविटा

ट्रॅकसूट, बाहेर जाऊच नये असं कुणीच म्हणणार नाही, पण दोन-तीन तासांत होणारं शहर हे नाही. मी आर्किटेक्चरच्या मास्टर्ससाठी इथे आले आणि इथेच राहिले, रोज त्याच रस्त्यांनी जाते, आणि बाबा सिव्हिल इंजिनिअर असतील तर त्यांना हे शहर किती देऊन जाईल याची मला खात्री आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात ड्रॅगन ब्रिजपासून करा, स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. सगळे तिथल्या चार मोठ्या ड्रॅगनांबरोबर फोटो काढतात आणि पुढे जातात. बाबांना सांगा की हा १९०१ चा पूल रीइन्फोर्स्ड काँक्रीटचा आहे, योसेफ मेलान यांच्या पद्धतीने बांधलेला, म्हणजे लोखंडी कमानी आधी उभ्या करायच्या आणि त्या काँक्रीटमध्ये गाडायच्या. एकाच कमानीत ३३ मीटरच्या वर अंतर घेतलंय आणि तेव्हा युरोपातल्या मोठ्या काँक्रीट कमानींत त्याची गणना होती. एप्रिल १८९५ मध्ये इथे मोठा भूकंप झाला, त्यात जुना लाकडी पूल खिळखिळा झाला, नव्याला दगडापेक्षा काँक्रीट स्वस्त पडेल असा हिशेब होता. पुलाखालच्या बाजूने, काठावर उतरून बघा, कमान किती चपटी आहे ते तिथूनच कळतं.

भूकंपाचं एवढ्यासाठी सांगते की आज दिसणारं बरंचसं शहर त्याच्यानंतरचं आहे. मिक्लोशिच रस्त्यावरच्या आर्ट नूव्हो इमारती सगळ्या त्या पुनर्बांधणीच्या वेळच्या. त्याच रस्त्यावर लाल-निळ्या-पिवळ्या नक्षीने भरलेली एक बँकेची इमारत दिसेल, ती थोडी नंतरची, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची, इव्हान वुर्निक या आर्किटेक्टची, आणि रंगकाम त्यांच्या पत्नीचं, हेलेना वुर्निक यांचं. स्लोव्हेनियाची स्वतःची अशी एक शैली असावी या ध्यासातून ती झाली. समोरच्या फुटपाथवर उभं राहून सावकाश बघा.

मग आर्किटेक्ट योझे प्लेचनिक. १८७२ ते १९५७. व्हिएन्ना, प्राग करून हा माणूस आपल्या गावी परत आला आणि या गावाला त्याने हाताने घडवलं असंच म्हणावं लागेल. ट्रिपल ब्रिज घ्या. तिथे १८४२ चा दगडी पूल होता, रहदारीला अपुरा पडायला लागला. दुसऱ्या कुणी तो पाडून रुंद पूल बांधला असता. प्लेचनिकने जुना तसाच ठेवला आणि दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल किंचित तिरका जोडला, १९३२ पर्यंत ते काम झालं. ते दोन पूल पंख्यासारखे चौकात उघडतात, आणि त्यांच्यावरून पाण्याच्या पातळीपर्यंत उतरायला जिने आहेत. आता तिन्हींवरून फक्त माणसं चालतात. तिथून मार्केटकडे वळलात की नदीच्या वळणाबरोबर वळत जाणारी लांबलचक खांबांची रांग आहे ना, तीही त्याचीच, युद्धाच्या ऐन काळात बांधलेली.

पण मला सगळ्यात जवळची आहे ती नॅशनल अँड युनिव्हर्सिटी लायब्ररी, १९४१ मध्ये पूर्ण झाली. बाहेरून लाल विटा आणि त्यांत मधेमधे ओबडधोबड दगड खोचलेले, जुन्या पडलेल्या इमारतींचेही दगड त्यात आहेत. दाराची मूठ ब्राँझची, घोड्याच्या डोक्याच्या आकाराची, हातात घेतलीत की जाणवेल, इतकी वर्षं लोकांनी धरून धरून ती गुळगुळीत झालीय. आत शिरलात की काळ्या संगमरवरासारख्या दगडाचा जिना, दोन्ही बाजूंना मिळून ३२ खांब, खाली अंधार आणि जसजसं वर जावं तसा उजेड वाढत जातो, वर वाचनगृह. अज्ञानातून ज्ञानाकडे ही कल्पना त्याने दगडात बांधून दाखवली. १९४४ मध्ये वाचनगृहावर विमान कोसळलं आणि हजारो पुस्तकं जळाली, पुन्हा ते उभं केलं. वाचनगृहात विद्यार्थी अभ्यास करत असतात म्हणून पर्यटकांना ठराविक वेळीच सोडतात, साइटवर आधी बघून ठेवा. आईंना जिना चढायचा नसेल तर खालच्या पायरीपाशी उभं राहून वर बघितलं तरी खूप आहे.

२०२१ पासून प्लेचनिकचं ल्युब्लियानातलं काम युनेस्कोच्या यादीत आहे. याच्यात मोठे राजवाडे नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पैसे कमी होते, देश गरीब होता, मग तो सिमेंटचे पाइपसुद्धा खांब म्हणून वापरायचा. शहराच्या दक्षिणेला दलदलीत, बार्ये भागात त्याचं सेंट मायकेलचं छोटं चर्च आहे, तिथे आतले खांब खरोखरच काँक्रीटच्या पाइपांचे आहेत आणि बाकी लाकूड. बाबांनी आयुष्यभर असले पाइप जमिनीखाली गाडले असतील, इथे ते देवळात उभे दिसतील.

---

गवतफुला

दगडविटा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, त्यांनी वही घेतली आणि 'मेलान' लिहून घेतलं! खूप खूप आभार. खादाडखाऊ, तुमचेही आभार, ओत्सवीर्कीचं माहीत नव्हतं, बाबांना नकळत खायला घातलं असतं.

ट्रॅकसूट, तुमचा मुद्दा पटतोय, एक दिवस बाहेर नक्की जाऊ. ब्लेड की पोस्तोयना एवढंच सांगा कुणीतरी, आईचे गुडघे लक्षात घेऊन. आणि किल्ला आणि रविवारचं राहिलंय.

---

सांजवारा

आईंच्या गुडघ्यांवर बोलते, माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा हे सगळं नीट बघून घेतलं होतं.

गावाचा मध्यभाग गाड्यांना बंद आहे, २००७ पासून हळूहळू करत आणलंय, त्यामुळे ज्येष्ठांना रस्ता ओलांडायची भीती नाही. आणि आत हिरव्या रंगाच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या फिरतात, कावालिर म्हणतात त्यांना, अगदी फुकट, हात केला तर थांबतात किंवा फोन करून बोलावता येतात. दमलात की त्यात बसायचं. किल्ल्यावर मार्केटजवळून फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर केबलने ओढली जाणारी गाडी, जाते, मिनिटभराचा प्रवास आहे, चढ चढायची गरजच नाही. वरच्या मुख्य अंगणात जायला तिकीट लागत नाही, फक्त मनोऱ्यावर आणि प्रदर्शनांना लागतं. मनोऱ्याला मात्र जिना आहे, आईंनी अंगणातल्या कॅफेत बसावं आणि तुम्ही वर जाऊन यावं. आणि हे ऐका, सकाळी जाऊ नका. हे शहर खोलगट भागात आहे, शिवाय दक्षिणेला दलदल, सप्टेंबर लागला की सकाळी धुकं साचतं आणि कधीकधी अकरापर्यंत हलत नाही. दुपारी चारनंतर गेलात तर कामनिकचे आल्प्स स्वच्छ दिसतात आणि हवा फारच चांगली असेल तर लांबवर त्रिग्लावसुद्धा, २८६४ मीटरचं, त्यांच्या झेंड्यावर आहे ते शिखर.

ब्लेड की पोस्तोयना याला माझं उत्तर पोस्तोयना, आणि गुडघ्यांमुळेच. ऐकायला उलटं वाटतं पण गुहेत पावणेचार किमी तर ट्रेननेच जायचं असतं, १८७२ पासून आत रूळ आहेत, आणि मधली दीड किमी चाल पक्क्या वाटेवरून आहे, थोडा चढउतार आहे पण पायऱ्या नाहीत. बाबांनी ती ट्रेन बघावीच. आत वर्षभर दहा डिग्री असतं, चौघांनाही जाड जॅकेट हवं. तिथेच प्रोटियस दाखवतात, फिकट गुलाबी, आंधळा, अंधारात राहणारा प्राणी, वर्षानुवर्षं न खाता जगू शकतो. श्कोत्स्यानच्या गुहा जास्त भव्य आहेत, जमिनीखालची प्रचंड दरी आहे, पण तिथे पाचशेच्या वर पायऱ्या, आईंसाठी नको.

ब्लेडला बेटावर जायचं तर होडीतून उतरल्यावर चर्चपर्यंत ९९ पायऱ्या, किल्लाही चढावर. तरीही तळ्याच्या काठाने सहा किमीची सपाट वाट आहे, त्यातलं जमेल तेवढं चालायचं आणि क्रेमश्निता, म्हणजे तिथली क्रीम-कस्टर्डची पेस्ट्री, खायची, असा ब्लेडचा दिवसही वाईट नाही. आईंना पाणी आणि मोकळी हवा आवडत असेल तर ब्लेड, बाबांचं मन राखायचं असेल तर पोस्तोयना.

---

ट्रॅकसूट

सांजवारा, पायऱ्यांचं बरोबर आहे, पोस्तोयनाला माझंही +१. गाडी नसेल तर बस आहेच, पण रविवारी फेऱ्या विरळ असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

---

सांजवारा

हो, रविवारचं राहिलंच. खरं आहे, २०२० पासून कायद्यानेच दुकानं आणि सुपरमार्केट रविवारी बंद असतात, पेट्रोल पंप, स्टेशन, विमानतळ अशा ठिकाणची छोटी दुकानं सोडून. रेस्टॉरंटं आणि कॅफे मात्र उघडी असतात. भाजीबाजारही रविवारी नसतो. म्हणून मी तरी असं करीन की शनिवार शहरात ठेवायचा, कारण शनिवारी मार्केट सगळ्यात भरलेलं असतं, आणि बाहेरगावची सहल रविवारी. पण निघण्याआधी, रविवारी सकाळी नदीकाठी जुन्या वस्तूंचा बाजार लागतो, ब्रेगच्या बाजूला, तो बघून जा. युगोस्लाव्हियाच्या काळातले बिल्ले, टिटोचे फोटो, जुने कॅमेरे, काचेची भांडी, पोस्टकार्डं. विकणारी बरीचशी मंडळी वयस्कर असतात आणि गप्पा मारायला उत्सुक असतात. १९९१ पर्यंत हा सगळा युगोस्लाव्हिया होता हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि ज्याने त्या सैन्यात नोकरी केली त्याच्याकडून त्याच सैन्याचं बक्कल हातात घेणं वेगळं.

---

कासवचाल

एवढ्या चांगल्या धाग्यात एक राहिलंय म्हणून लिहितो. सिटी म्युझियममध्ये लाकडी चाक आहे, ते बाबांना दाखवल्याशिवाय परत जाऊ नका. २००२ मध्ये ल्युब्लियानाच्या दलदलीत सापडलं, पाच हजार वर्षांहून जुनं, आणि आसासकट सापडलंय. चाक अ‍ॅशच्या लाकडाचं, आस ओकचा. आसाचं भोक चौकोनी आहे, म्हणजे चाक आणि आस एकत्र फिरायचे. दलदलीत हवा पोचली नाही म्हणून लाकूड टिकलं. त्या माणसांनी दोन फळ्या जोडायला खोबणीत आडव्या पट्ट्या बसवल्यात, त्या नीट दिसतात. मी त्या काचेसमोरून हलायलाच तयार नव्हतो. म्युझियम लायब्ररीपासून अगदी जवळ आहे, एकाच फेरीत होतं.

---

खादाडखाऊ

आता गोडाचं आणि घरी न्यायचं. पोतित्सा म्हणजे अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला गोल ब्रेड, मधे भोक असलेल्या मातीच्या साच्यात भाजतात, इथे कुठलाही सण त्याच्याशिवाय होत नाही. कापल्यावर भोवरा सुबक आणि काळसर दिसला पाहिजे, सारण कमी आणि ब्रेड जास्त असेल तर घेऊ नका. दुसरं प्रेकमुरस्का गिबानित्सा, देशाच्या ईशान्य टोकाचा पदार्थ, खसखस, ताजं चीज, अक्रोड आणि सफरचंद असे थर आणि तेच सगळे परत एकदा. एक तुकडा दोघांना पुरतो. माझ्या मते ब्लेडच्या क्रेमश्नितापेक्षा ही कितीतरी वरचढ आहे, तिकडे नुसतं क्रीम आणि कस्टर्ड, इथे प्रत्येक घासाला वेगळं काहीतरी लागतं.

शनिवारच्या मार्केटमध्ये सप्टेंबरात अंजिरं, द्राक्षं, जंगली मशरूम, भोपळे असं सगळं असतं. शेतकरी स्वतः बसलेले असतात, चाखून घ्यायला देतात. मध जरूर घ्या. मधमाश्या म्हणजे या लोकांचा जीव आहे, २० मे हा जागतिक मधमाशी दिन स्लोव्हेनियानेच संयुक्त राष्ट्रांकडे मांडून मिळवला, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या काळात व्हिएन्नात मधमाशीपालन शिकवणारे आंतोन यान्शा इथले म्हणून. चेस्टनटचा मध किंचित कडवट असतो, सगळ्यांना नाही आवडत, आधी चाखा. लिंडनचा सौम्य असतो.

तुम्ही दोघं सगळं खाता तर क्रान्स्का क्लोबासा, म्हणजे इथलं प्रसिद्ध सॉसेज, गरम गरम, बरोबर मोहरी, किसलेलं हॉर्सरॅडिश आणि बन, त्याच मार्केटमध्ये मिळतं. आईंसाठी खांबांच्या रांगेखाली, खालच्या मजल्यावर मासळीबाजार आहे, तिथे तळलेले छोटे मासे आणि स्क्विड प्लेटमध्ये मिळतात, एड्रियाटिक इथून लांब नाही. वाइनमध्ये पांढरी रेबुला, लाल हवी असेल तर कार्स्टची तेरान, ती चांगलीच आंबट असते. आणि पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे, रस्त्यात ठिकठिकाणी पिण्याचे नळ आहेत.

---

गवतफुला

तोंडाला पाणी सुटलं. शनिवार मार्केट, रविवार जुना बाजार आणि पोस्तोयना पक्कं करतेय, चाक शुक्रवारी दुपारी. बाबा विचारतायत की प्लेचनिकचं घर बघता येतं का? आणि भोपळ्याच्या बियांच्या तेलाबद्दल ऐकलं होतं, ते घेण्यासारखं आहे का?

---

दगडविटा

बघता येतं, त्र्नोवोमध्ये आहे, पण छोट्या गटाने गाइडबरोबरच सोडतात, म्हणून आत्ताच बुक करा, सोमवारी बंद असतं. त्याचं टेबल, त्याने बनवलेल्या खुर्च्या, चष्मा, पेन्सिली, सगळं जागच्या जागी. गोल खोलीत झोपायचा. जाताना नदीच्या काठाकाठाने न जाता ग्रादाश्चित्सा ओढ्याच्या बाजूने जा, तिथे त्याचा त्र्नोवोचा पूल आहे ज्याच्यावर बर्चची झाडं वाढलेली आहेत, चक्क पुलावर. मातीचा भार, मुळं, पाण्याचा निचरा कसा सांभाळला असेल यावर बाबांशी बोलायला मला फार आवडलं असतं.

आणि एक संध्याकाळ मोकळी राहिली तर 'पोत' वर चाला. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये इटालियन सैन्याने अख्ख्या शहराभोवती काटेरी तारेचं कुंपण घातलं, प्रतिकार करणाऱ्यांचा बाहेरच्यांशी संबंध तोडायला, आणि ते मे १९४५ पर्यंत राहिलं. आत जायला-यायला परवाना लागायचा. आज त्याच रेषेवर तीसेक किमीची, झाडांची, बारीक खडीची वाट आहे. लोक संध्याकाळी तिथे पळतात, बाबागाड्या ढकलतात, कुत्री फिरवतात. जुनी माणसं अजून तिला तार म्हणतात. सपाट आहे, आईंना जमेल, तिवोली बागेच्या मागच्या अंगाने एक छोटा तुकडा करा. वाटेत दगडी खुणा आहेत, जिथे चौक्या होत्या तिथे.

---

खादाडखाऊ

तेल घ्याच, पण बघून. लेबलवर शंभर टक्के भोपळ्याच्या बियांचं असं लिहिलेलं हवं, सूर्यफुलाची भेसळ, म्हणजे मिसळ केलेलं स्वस्तात मिळतं ते नको. रंग गडद हिरवा, जवळजवळ काळा, आणि ब्रेडवर थेंब टाकला की कडेने हिरवा पसरतो. तापवायचं नाही, त्याने वास जातो, वरून घालायचं, सॅलडवर, सूपवर, उकडलेल्या बटाट्यावर. व्हॅनिला आइस्क्रीमवर घालूनही देतात इथे, बाबांना खाऊन बघायला सांगा, मीठ नसलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारी चव येते आणि गोडाबरोबर ती जमते. कपड्यावर सांडलं तर डाग निघत नाही, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळा आणि ट्रेनमध्ये उभी ठेवा. काचेची मोठी घेण्यापेक्षा पाव लिटरच्या दोन घ्या, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन महिन्यांत संपवायला लागते.